उलाळ लिबरेटर : रेझिनचे भाग लावलेले बॉम्बर मॉडेल शेपटीवर बसते, त्यावरचे उपाय

बी-२४ लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचे १/७२ प्रमाणातील मॉडेल काही महिने खपून पूर्ण करावे, मॅट वार्निशचा शेवटचा हात वाळू द्यावा, ते चाकांवर उभे करून हात मागे घ्यावा आणि नाकाचे चाक अलगद वर उचलले जाऊन शेपूट टेबलाला टेकावे, हा प्रसंग मी स्वतः दोनदा अनुभवला आहे. छत्रपती संभाजीनगर, लातूर आणि नांदेड येथे हा छंद जोपासणाऱ्या स्नेह्यांकडूनही हीच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. ती करणाऱ्यांत नवखे थोडे असतात. रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये, घडवलेली कॉकपिट, बंदुकघरे (टरेट), इंजिने आणि चाके निरनिराळ्या उत्पादकांकडून मागवून मूळ किटमध्ये बसवणारे अनुभवी लोकच त्यांत जास्त असतात. तक्रारीचा दुसरा अर्धा भाग काही महिन्यांनी येतो. नाकात भरपूर वजन भरून मॉडेल उभे केले जाते, पण उन्हाळा उलटता उलटता मुख्य चाकांचे पाय बाहेर फाकू लागतात आणि एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली दिसू लागतो. या दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे आणि ते धडाचे दोन भाग चिकटवण्यापूर्वीच दूर करावे लागते.

आपल्याकडे या दोषाला जुना शब्द आहे. बैलगाडीत ज्वारीची पोती मागच्या बाजूला जास्त चढली की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. गाडीवान तेव्हा नवे ओझे आणत नाही; तो मागचे एक पोते उचलून आखाच्या पुढे सरकवतो. मॉडेलच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. मागे काय चढले आहे हे न पाहता नाकात शिसे भरत सुटतो आणि मग त्या शिशाचा भार सोसण्याची जबाबदारी दोन मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या पायांवर टाकतो.

खरे विमान असे मागे का पडत नसे, हे आधी समजून घ्यावे. लिबरेटरचे प्रत्येक इंजिन पाचशे किलोंहून अधिक वजनाचे होते आणि चारही इंजिने मुख्य चाकांच्या पुढे होती. त्यामुळे विमानाचा बराच जड भाग आपोआप पुढे येई. मॉडेलमध्ये ही इंजिने पोकळ असतात. सर्वत्र साधारण सारख्या जाडीचे प्लास्टिक असल्याने वजन आकारमानाप्रमाणे वाटले जाते, आणि धडाची मागची बाजू लांब असल्याने तोल मागे जातो. मूळ विमानालाही शेपटीखाली टेकण्यासाठी आघात सोसणारी दांडी दिलेली होती, यावरून ही रचना मुळातच काठावरची होती हे लक्षात येते. शेपटीखाली चाक असलेल्या जुन्या धाटणीच्या विमानांना, उदाहरणार्थ लँकेस्टरला किंवा बी-१७ला, हा प्रश्न येतच नाही. तीन चाकांच्या, नाकाखाली चाक असलेल्या विमानांनाच तो येतो.

हे विमान आपल्याकडे आवडीने बांधले जाते त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूर येथे टाकून दिलेली लिबरेटर विमाने बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने १९४८ पासून दुरुस्त करून भारतीय हवाई दलाला दिली आणि ती १९६८ पर्यंत सेवेत राहिली. जगातील संग्रहालयांत आज उभी असलेली काही लिबरेटर विमाने भारतीय हवाई दलाकडूनच तिकडे गेली आहेत. भारतीय चिन्हांचे डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रे, वेगळे मागवावे लागतात, आणि एकदा वेगळे डेकल मागवले की त्यासोबत रेझिनचे कॉकपिट, टरेट आणि चाकेही मागवण्याचा मोह होतो. तो मोह मला गैर वाटत नाही. मात्र त्या भागांमुळे तोल कसा बिघडतो हे माहीत असले पाहिजे.

रेझिन जड असते म्हणून तोल बिघडतो, असे सर्रास सांगितले जाते. हे पूर्णपणे बरोबर नाही. किटच्या पॉलिस्टायरिनची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.०५ ग्रॅम असते आणि मॉडेलसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेन रेझिनची त्याहून थोडीच जास्त असते. खरा फरक जाडीत आहे. किटमधील आडवी भिंत एक मिलिमीटरची असते, तर तीच रेझिनमध्ये ओतलेली असली की तिच्या मागे ओतकामाचा ठोकळा राहिलेला असतो आणि तो पूर्ण घासून काढण्याचा कंटाळा केला जातो. किटमधील शेपटीचा टरेट पोकळ असतो. रेझिनचा भरीव असतो. धडाच्या मागच्या भागातील, म्हणजे बाजूच्या खिडक्यांमधील बंदुकधाऱ्यांच्या जागेची जमीन रेझिनमध्ये घेतली तर ती दोन-तीन पट जाड भरते, आणि हे सारे मुख्य चाकांच्या मागे असते.

धातूच्या बारीक भागांवर मात्र उगाच संशय घेतला जातो. पितळी कातीव बंदुकीची एक नळी या प्रमाणात एक दशांश ग्रॅमही भरत नाही, आणि फोटो-एचच्या, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पातळ धातूच्या, पत्र्यातून प्रत्यक्ष वापरले जाणारे तुकडे एकत्र केले तरी त्यांचा भार नगण्य असतो. लातूरच्या एका स्नेह्यांनी शेपटी हलकी करण्यासाठी सुंदर पितळी नळ्या काढून किटमधल्या जाड्याभरड्या नळ्या पुन्हा लावल्या होत्या. त्याने तोलात काहीही फरक पडला नाही, आणि मला त्या नळ्यांचे फार वाईट वाटले.

जडपणापेक्षाही मोठी अडचण जागेची आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मूळ किटमध्ये कॉकपिटच्या जमिनीखाली, नाकाच्या चाकाच्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना आणि उपकरणफलकाच्या मागे रिकामी जागा असते. किट बनवणाऱ्यांनी वजन ठेवण्यासाठी तीच जागा गृहीत धरलेली असते. रेझिनचे कॉकपिट आणि रेझिनची खोबण बसवली की ती नेमकी व्यापली जाते. म्हणजे हे आफ्टरमार्केट, बाहेरून मागवलेले, भाग मागे वजन वाढवतात आणि पुढे ते फेडण्याची जागाही घेतात. नाकाचा बराच भाग पारदर्शक असल्याने अगदी टोकाला काही लपवताही येत नाही. म्हणून रेझिनची पाकिटे हाती आल्यावर सर्वप्रथम त्या भागांची वजने करावीत आणि वजन कोठे बसणार हे ठरवल्याशिवाय एकही भाग चिकटवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तोल मोजण्याची रीत

शाळेत शिकलेला तरफेचा नियम येथे पुरेसा आहे. टेकू म्हणजे मुख्य चाके. भार गुणिले टेकूपासूनचे अंतर दोन्ही बाजूंना सारखे असावे. साधन एकच लागते, ते म्हणजे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा लहान इलेक्ट्रॉनिक काटा. तो नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे जावे. माझे पहिले मोजमाप सराफ्यातल्या एका सोनारकाकांनी काचेच्या पेटीतल्या काट्यावर करून दिले होते, आणि विमानाची शेपटी तोलणारे गिऱ्हाईक त्यांनी मोठ्या आस्थेने हाताळले.

धडाच्या दोन्ही बाजू, पंख, शेपटीचे पंख, इंजिनांची आवरणे आणि टरेट हे सर्व मास्किंग टेपने तात्पुरते जोडावे. रेझिनचे आतील भाग आपापल्या जागी ठेवावेत. एखादा भाग लहान वाटतो म्हणून तो वगळू नये. त्यानंतर मुख्य चाकांचा टायर जमिनीला जेथे टेकतो त्या बिंदूची रेषा पंखाच्या खालच्या बाजूवर पेन्सिलीने आखावी. चूक नेहमी येथेच होते, कारण बरेच जण पायाच्या मुळाची रेषा घेतात, आणि पाय किंचित जरी पुढे-मागे कललेला असला तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. लिबरेटरचा पंख धडाच्या वरच्या अंगाला असल्यामुळे मापन सोपे जाते. दोन सारख्या उंचीच्या डब्यांवर एकेक षटकोनी पेन्सिल आडवी ठेवावी, आखलेली रेषा त्या पेन्सिलींवर टेकवावी आणि धड मध्ये लोंबू द्यावे. शेपटीखाली पुस्तकांच्या थरावर काटा ठेवून धड जमिनीला समांतर राहील इतकी उंची जुळवावी, आणि काट्यावरचा आकडा लिहून घ्यावा.

माझ्या तिसऱ्या लिबरेटरचे आकडे उदाहरणादाखल देतो. शेपटी काट्याला टेकली तो बिंदू मुख्य चाकांच्या रेषेपासून १४ सें.मी. मागे होता आणि काट्याने ११.४ ग्रॅम दाखवले. म्हणजे मागचा बोजा सुमारे १६० ग्रॅम-सेंटिमीटर झाला. वजन ठेवण्यासाठी मिळालेल्या जागेचा मध्य चाकांच्या रेषेपासून ७.५ सें.मी. पुढे होता, १६० ला ७.५ ने भागले की २१.३ ग्रॅम येतात. एवढ्या वजनाने विमान केवळ तोलले जाईल, फुंकरीनेही ते मागे झुकेल. नाकाच्या चाकावर किमान १० ग्रॅम भार राहिला पाहिजे असे मी धरतो. ते चाक माझ्या मॉडेलमध्ये ६.७ सें.मी. पुढे होते, त्यामुळे त्यासाठी आणखी सुमारे ९ ग्रॅम लागले. एकूण ३०.३ ग्रॅम झाले, आणि रंग, लांबी (पुट्टी), वार्निश यांचा विचार करून मी ३३ ग्रॅम ठरवले.

याच हिशेबातून जागेचे महत्त्व कळते. हेच वजन ७.५ ऐवजी ४ सें.मी. अंतरावर, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेजवळ ठेवले असते तर ३०.३ ग्रॅमच्या जागी सुमारे ५७ ग्रॅम लागले असते. पायांवर विनाकारण सत्तावीस ग्रॅम वाढले असते. अशीच गोष्ट मागच्या बाजूची आहे. शेपटीचा भरीव रेझिन टरेट किटमधल्या टरेटपेक्षा केवळ दीड ग्रॅम जड असला, तरी तो १५.५ सें.मी. मागे असल्यामुळे त्याच्यासाठी नाकात तीन ग्रॅम मोजावे लागतात. म्हणून त्या टरेटच्या पोटात बारीक ड्रिलने पोकळी करणे हा अर्ध्या तासाचा उद्योग फार फायद्याचा ठरतो. मागच्या भागातील रेझिनच्या जमिनी आणि भिंती मागच्या अंगाने घासून पातळ कराव्यात. हे काम पाण्याखाली किंवा ओल्या पॉलिश पेपरवर आणि नाकातोंडावर मास्क लावून करावे, कारण रेझिनची कोरडी भुकटी फुप्फुसांना घातक असते.

उलट रेझिनची इंजिने निःशंकपणे घ्यावीत. ती भरीव असतात, एकेक इंजिन किटमधल्या इंजिनापेक्षा दोन ग्रॅम जड भरले तरी चारांचे आठ ग्रॅम होतात, आणि ते मुख्य चाकांच्या सुमारे ४ सें.मी. पुढे बसतात. शेपटीच्या टरेटचे देणे त्यातून फिटते आणि थोडे उरतेही. जेवढे पैसे मागच्या भागातल्या, बंद धडाच्या आत कोणालाही न दिसणाऱ्या रेझिनच्या जमिनीवर खर्च होतात तेवढे इंजिनांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वजन कशाचे घ्यावे

३३ ग्रॅम शिसे सुमारे २.९ घनसेंटिमीटर जागा घेते, पोलाद ४.२ आणि टंगस्टन केवळ १.७. जागा भरपूर असेल तर सायकलच्या दुकानात मिळणारे बेअरिंगचे छर्रे उत्तम. ते स्वस्त असतात आणि विषारी नसतात. शिसे आपल्याकडे दोन ठिकाणी सहज मिळते. पैठणजवळ नाथसागरावर मासेमारी करणाऱ्यांच्या जाळ्यांना लावायचे शिशाचे मणी मासेमारीचे सामान विकणाऱ्यांकडे असतात, आणि मोटारीच्या चाकाचा तोल साधण्यासाठी टायरवाले जी पाच-पाच ग्रॅमची चिकटवायची वजने वापरतात त्यांतील जुनी काही शिशाची असतात. या दुसऱ्या प्रकाराचा लाभ असा की ती मोजलेलीच असतात. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, ते घासून भुकटी करू नये आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

रेझिनच्या भागांमुळे जागा उरली नसेल तर टंगस्टन हाच मार्ग आहे. परदेशातून महागडी टंगस्टनची पुट्टी मागवण्याची गरज नाही. टिग वेल्डिंगमध्ये जो इलेक्ट्रोड वापरतात तो टंगस्टनचा असतो, आणि वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीच्या आसपास वेल्डिंगचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात तो सुटा मिळतो. २.४ मि.मी. जाडीच्या आणि १५० मि.मी. लांबीच्या एका कांडीचे वजन सुमारे १३ ग्रॅम असते, त्यामुळे माझे काम अडीच कांड्यांत भागले. दुकानदाराने विचारले, "सर, लाल टोकाची देऊ का हिरव्या?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. लाल रंगाच्या टोकाच्या कांडीत थोरियम मिसळलेले असते आणि ते किरणोत्सारी असल्याने तिची भुकटी श्वासात जाता कामा नये. हिरव्या टोकाची कांडी शुद्ध टंगस्टनची असते. हिरवीच घ्यावी. टंगस्टन करवतीने कापत बसू नये. हिऱ्याच्या कणांच्या कानशीने कांडीभोवती खाच पाडावी, ती जाड कापडात गुंडाळावी आणि पकडीने मोडावी. ते काचेसारखे तुकडे होऊन उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असल्याखेरीज मोडू नये. दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे नाकाच्या चाकाच्या खोबणीच्या दोन्ही अंगांना मोळीसारखे रचता येतात, आणि खोबणीचे छत व कॉकपिटची जमीन यांमधल्या चिंचोळ्या फटीतही बसतात.

आता चिकटवण्याविषयी, कारण माझे दुसरे मॉडेल येथेच गमावले. त्या मॉडेलमध्ये शिशाचे बारीक छर्रे मी लाकडासाठी वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या डिंकात मिसळून नाकात ओतले होते. दोन पावसाळे गेले आणि धडाचा सांधा नाकाखाली उकलू लागला. मी तो भरला, रंगवला. काही महिन्यांत तो पुन्हा उकलला. शेवटी नाक कापून उघडले तेव्हा छर्‍यांवर पांढरी, भुसभुशीत, फुगलेली पूड जमलेली दिसली. असल्या डिंकातून सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा अंश, हवेतील ओलावा आणि कर्बवायू यांच्या संयोगाने शिशाचे कार्बोनेट बनते, आणि ते मूळ शिशापेक्षा जास्त जागा व्यापते. जुन्या काळी शिशाच्या पत्र्यांवर व्हिनेगरची वाफ सोडून रंगकामाचा सफेदा याच क्रियेने बनवीत असत. मी तो नकळत विमानाच्या नाकात बनवला होता. म्हणून शिसे वापरायचे तर ते दोन नळ्यांच्या इपॉक्सीतच बसवावे, आणि प्रत्येक कण इपॉक्सीने वेढला जाईल याची खात्री करावी. पोलाद आणि टंगस्टन यांनाही इपॉक्सीच चांगली. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद बंद धडात मोठ्या प्रमाणावर ओतू नये, कारण त्याची वाफ काचांच्या आतल्या बाजूवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसते आणि तो थर मग काढता येत नाही.

धड बंद करण्यापूर्वी सर्व भाग पुन्हा टेपने जोडून एक परीक्षा घ्यावी. विमान तात्पुरत्या चाकांवर उभे करून नाक बोटाने एक सेंटिमीटर वर उचलावे आणि सोडावे. ते लगेच खाली आले पाहिजे. गुरुत्वमध्य चाकांच्या बराच वर असल्यामुळे नाक वर होताना तो मागे सरकतो, आणि सपाट टेबलावर नीट उभे राहणारे विमान किंचित उतरत्या फळीवर मागे पडते ते यामुळेच.

पायांचा प्रश्न

आता माझ्या मॉडेलचे एकूण वजन सुमारे २०० ग्रॅम झाले होते, आणि त्यातला बहुतेक सगळा भार दोन मुख्य पायांवर होता. पॉलिस्टायरिन हा भार एका दिवसात सहज पेलते. अडचण अशी की सततच्या भाराखाली ते फार हळूहळू वाहते, आणि तापमान वाढेल तसे हे वाहणे वाढते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो, परभणी-नांदेडकडे तो त्याहूनही चढतो, आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत किंवा ऊन पडणाऱ्या काचेच्या कपाटात तापमान बाहेरच्यापेक्षा अधिक असते. थंड देशांतील लेखांमध्ये जो पाय दहा वर्षे सरळ राहतो असे वाचायला मिळते, तो मराठवाड्यात दुसऱ्या उन्हाळ्यात फाकतो.

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे आफ्टरमार्केटमधील पांढऱ्या धातूचे पाय. मी ते वापरले आणि निराश झालो. हा धातू मुख्यतः कथलाचा मिश्रधातू असतो. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे आपल्या खोलीचे तापमानही त्याच्या दृष्टीने बरेच वरचे असते, आणि तोही सततच्या भाराखाली हळूहळू वाकतो. प्लास्टिक निदान थोडे लवचीक असते. हा धातू एकदा वाकला की तसाच राहतो आणि दोन-तीनदा सरळ केला की तुटतो. नाकाच्या चाकासाठी मात्र पांढऱ्या धातूचा पाय मी आवर्जून घेतो. तेथे भार थोडा असतो आणि त्या पायाचे स्वतःचे वजन योग्य जागी, म्हणजे पुढे पडते.

मुख्य पायांसाठी किटमधलाच प्लास्टिकचा पाय घेऊन त्याच्या पोटात पोलादी तार घालणे हा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पॉलिस्टायरिनच्या तुलनेत पितळ सुमारे तीस पट आणि पोलाद सुमारे साठ पट ताठ असते, आणि खोलीच्या तापमानाला ही दोन्ही वाहत नाहीत. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मोठी कागदी क्लिप सरळ केली की जवळजवळ एक मिलिमीटर जाडीची पोलादी तार मिळते. पायात हातड्रिलने आधी अर्ध्या मिलिमीटरचे, मग वाढवत एक मिलिमीटरचे छिद्र पाडावे. घाई केली तर ड्रिल बाजूने बाहेर येते. तार पायात थांबवू नये. ती पंखाच्या आत किमान सहा ते आठ मिलिमीटर गेली पाहिजे, कारण फाकण्याची सुरुवात पाय वाकून क्वचितच होते. पाय ज्या उथळ खाचेत बसतो ती खाच सैल होते आणि मग पाय कलतो. यासाठी पंखाचे वरचे व खालचे भाग चिकटवण्यापूर्वी खाचेच्या मागे इपॉक्सी पुट्टीचा, म्हणजे नळदुरुस्तीसाठी मिळणाऱ्या दोन रंगांच्या लांबीचा, ठोकळा भरून ठेवावा आणि तो पक्का झाल्यावर त्यात तारेचे छिद्र पाडावे. पंख बंद झाल्यावर हे करता येत नाही.

रेझिनची चाके घेतली असतील तर एक बारीक गोष्ट सांभाळावी. त्यांचा टायर भाराखाली दबल्यासारखा खालून सपाट केलेला असतो. चारही बाजूंनी नीट न पाहता चाक चिकटवले तर सपाट भाग जमिनीला पूर्ण टेकत नाही, विमान टायरच्या एका कडेवर उभे राहते आणि पाय कायम एका बाजूला ओढला जातो. इपॉक्सी ओली असतानाच विमान काचेच्या तावदानावर उभे करून चाके स्वतः आपली जागा घेतील असे पाहावे, आणि रात्रभर त्याला हात लावू नये.

मॉडेल आधीच बंद झाले असेल तर

पूर्ण झालेले, रंगवलेले मॉडेल शेपटीवर बसत असेल तर पर्याय थोडे आहेत, पण आहेत. आधी वर सांगितल्याप्रमाणे किती ग्रॅम कमी पडतात ते काट्यावर मोजावे. कमतरता बहुधा वाटते त्याहून लहान असते. पाच-सात ग्रॅमचीच गरज असेल तर इंजिने पुढून हलकेच सोडवून त्यांच्या मागच्या पोकळीत टंगस्टनचे तुकडे इपॉक्सीने बसवता येतात. त्याहून अधिक लागत असेल तर नाकाच्या चाकाच्या खोबणीच्या छताला तीन मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून बारीक पोलादी छर्रे सोडावेत, विमान नाकावर उभे ठेवून त्यावर पातळ इपॉक्सी ओतावी आणि ती घट्ट होईपर्यंत विमान तसेच ठेवावे. खोबणीच्या वरून कॉकपिटपर्यंत फट उघडी असेल तर इपॉक्सी तिकडे झिरपेल, म्हणून आधी थोडे छर्रे आणि अगदी थोडी इपॉक्सी घालून तळ बंद करून घ्यावा.

हेही जमत नसेल तर विमान फळीवर कायमचे बसवावे. नाकाच्या टायरमध्ये खालून अर्ध्या मिलिमीटरची पोलादी टाचणी बसवून तिचे दुसरे टोक फळीत घालावे. बाहेरून काही दिसत नाही आणि पायांवरही जादा भार येत नाही. शेपटीखाली पारदर्शक ॲक्रिलिकची कांडी टेकवण्याचा मार्गही अनेक जण घेतात, आणि ज्या विमानाच्या शेपटीखाली मुळातच दांडी होती त्याच्याबाबतीत मला तो मुळीच कमीपणाचा वाटत नाही.

पाय फाकलेच असतील तर ते गरम पाण्याने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने नरम करून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. त्याच उष्णतेने पंखाचा सांधा आणि डेकल दोन्ही बिघडतात. पाय मुळाशी बारीक करवतीने कापावा, पायात आणि खाचेत छिद्र पाडून तार घालावी आणि इपॉक्सीने पुन्हा बसवावा. खाचेमागे ठोकळा नसल्यास त्याच छिद्रातून सुईच्या पिचकारीने थोडी इपॉक्सी आत सोडावी.

माझे तिसरे लिबरेटर आता तीन उन्हाळे उभे आहे. तरीही होळीनंतर मी ते कपाटातून काढतो आणि मृग लागेपर्यंत फोमच्या पाळण्यात, धडाच्या पोटावर टेकवून ठेवतो, म्हणजे त्या तीन महिन्यांत पायांवर कसलाच भार राहत नाही. पाळणा बनवायला जुन्या गादीतला फोम चालतो. त्यात मुख्य चाकांसाठी दोन खोल खाचा ठेवाव्यात, आणि फोम व रंग यांच्या मध्ये धुतलेले मऊ सुती कापड घालावे, नाहीतर उन्हाळ्यात फोम वार्निशला चिकटतो.